आठव्या सर्व्हरची गोष्ट : क्लस्टरवर पोर्टल चढवताना घ्यायची काळजी

१ ऑगस्ट २०१२, बुधवार. न्यूयॉर्कचा शेअर बाजार सकाळी साडेनऊला उघडला आणि नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या बड्या दलाली संस्थेच्या संगणकांनी बेफाम खरेदी-विक्री सुरू केली. ग्राहकांच्या मूळ ऑर्डर होत्या अवघ्या २१२. त्यांच्यापोटी पाऊण तासात १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये चाळीस लाखांहून अधिक सौदे झाले. कंपनीला ४६ कोटी डॉलरच्या वर फटका बसला. कुणी घुसखोर आत शिरला नव्हता, व्हायरस नव्हता, यंत्रही बिघडलं नव्हतं. आठ सर्व्हरच्या ताफ्यावर नवा कोड चढवताना एक सर्व्हर राहून गेला होता, एवढंच.

हे काम २७ जुलैपासून टप्प्याटप्प्याने चाललं होतं. सात सर्व्हरवर नवी आवृत्ती गेली, आठव्यावर गेली नाही. त्या आठव्यावर ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड पडून होता. कंपनीने त्याचा वापर २००३ मध्येच थांबवला होता, पण तो पुसला मात्र कधीच नव्हता. नव्या कोडसाठी जो फ्लॅग वापरला, तो पूर्वी पॉवर पेग चालू करण्यासाठीच होता. फ्लॅग चालू होताच सात सर्व्हर नवं काम करू लागले आणि आठव्याने नऊ वर्षांपूर्वीचं जागं केलं. त्याहून वाईट गोष्ट पुढे घडली. गोंधळ थांबवण्यासाठी पथकाने सात सर्व्हरवरचा नवा, म्हणजे बरोबर असलेला कोड काढून टाकला. मग आठही सर्व्हर जुनंच काम करू लागले. बाजार उघडण्याआधी, आठच्या सुमारापासून, यंत्रणेने त्रुटीचा उल्लेख असलेले ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. ते धोक्याची सूचना म्हणून पाठवलेले नव्हते, त्यामुळे कुणी त्यांच्यावर कृती केली नाही. अमेरिकेच्या बाजार नियामकाने ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीला १ कोटी २० लाख डॉलरचा दंड ठोठावला. डिप्लॉयमेंट दुसऱ्या माणसाने तपासलं नव्हतं आणि तसं तपासावं असा लेखी नियमही नव्हता, असं त्या आदेशात नमूद आहे.

पोर्टल सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हा आदेश एकदा तरी वाचावा. क्लस्टरवर काही चढवायचं म्हणजे चार यंत्रांवर फाइल कॉपी करायची, असा सर्वसाधारण समज असतो. कॉपी करण्याचं काम स्क्रिप्ट करते आणि ते सोपं आहे. अवघड असतो तो मधला काळ. काही नोडवर जुनी आवृत्ती चालू असते, काहींवर नवी, आणि दोन्हींच्या मागे डेटाबेस एकच असतो. हा काळ पाच मिनिटांचा असो की पाच तासांचा, तो येतोच. तो येणारच नाही असं धरून जे पोर्टल बांधलं जातं, ते त्याच काळात कोसळतं. म्हणून डिप्लॉयमेंटचा सगळा विचार या मधल्या काळापासून सुरू करावा.

पोर्टलच्या बाबतीत ही अडचण साध्या वेबसाइटपेक्षा जास्त असते. पोर्टलचं एक पान अनेक घटकांनी मिळून बनतं. जावाच्या जगात त्यांना पोर्टलेट म्हणतात. त्यासाठीचं पहिलं मानक २००३ मध्ये आलं आणि दुसरं २००८ मध्ये. दुसऱ्या मानकाने एका पोर्टलेटने दुसऱ्याला संदेश पाठवण्याची सोय दिली. एकाच पानावर सूचनाफलक एका वॉर फाइलमधून येतो, अर्जाचा तपशील दुसऱ्या, शोधाची चौकट तिसऱ्या, आणि रंगरूप ठरवणारी थीम आणखी कुठून. लाइफरेसारख्या पोर्टलमध्ये हे सारे मॉड्यूल प्रत्येक नोडवर आणि त्याच आवृत्तीचे असावे लागतात. चार नोडपैकी एकावर एखादा पोर्टलेट नसेल, तर पान साधारण दर चौथ्या वेळी फुटकं दिसतं. मग तक्रार येते : ‘कधी चालतं, कधी चालत नाही.’ अशी तक्रार आली की कोड उघडण्याआधी सगळ्या नोडवरच्या आवृत्त्या जुळवून पाहाव्यात. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

सगळीकडे एकच गोष्ट गेली आहे हे कळायचं कसं? फाइलच्या नावावर आणि तारखेवर भरवसा ठेवू नये. बिल्ड एकदाच करावं, त्याचा हॅश काढावा, आणि तीच फाइल चाचणीच्या सर्व्हरवरून पुढे प्रॉडक्शनपर्यंत न्यावी. चाचणीसाठी एक बिल्ड आणि प्रॉडक्शनसाठी त्याच कोडमधून पुन्हा दुसरं बिल्ड, ही सवय मोडावी. मधल्या दोन दिवसांत एखादी लायब्ररी बदललेली असते आणि तपासलेली वस्तू एक, चढवलेली वस्तू दुसरी असं होतं. जेबॉस या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचा प्रवास या बाबतीत पाहण्यासारखा आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत ‘फार्म’ नावाचा एक फोल्डर असे. एका नोडवर त्यात फाइल टाकली की ती आपोआप बाकीच्या नोडवर पसरे. सोयीचं होतं, पण एखादा नोड त्या क्षणी बंद असेल, तर कुठे काय पोचलं याचा ताळमेळ लागत नसे. २०११ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने ती पद्धत सोडली आणि मध्यवर्ती नियंत्रकाची व्यवस्था आणली. त्यात चढवलेल्या प्रत्येक वस्तूची ओळख तिच्या हॅशवरून ठरते आणि नियंत्रक ती नोडना पुरवतो. हेच तत्त्व कुठल्याही साधनाने, अगदी साध्या शेल स्क्रिप्टनेही पाळता येतं. प्रत्येक नोडवर एक छोटा पत्ता ठेवावा, जो उघडला की चालू आवृत्तीचा क्रमांक आणि हॅश दिसेल. डिप्लॉयमेंट संपल्यावर स्क्रिप्टने सगळ्या नोडना तो विचारावा आणि एकाचंही उत्तर वेगळं आलं, तर काम अपुरं समजावं. हा पत्ता लोड बॅलन्सरमधून विचारून चालत नाही, कारण उत्तर कोणत्या नोडचं आलं हे कळत नाही. तो प्रत्येक नोडच्या स्वतःच्या पत्त्यावर विचारावा लागतो.

आता प्रत्यक्ष क्रम. नोड एकेक करून बाहेर काढायचा, नवी आवृत्ती चढवायची, तपासायचा, आत घ्यायचा, मग पुढचा. याला रोलिंग डिप्लॉयमेंट म्हणतात आणि बहुतेक पोर्टलना ते पुरतं. सुरुवातीलाच एक हिशेब करावा. चार नोड आहेत आणि प्रत्येक ८० टक्के भारावर चालतो आहे. एक बाहेर काढला की उरलेल्या तिघांवर सुमारे १०७ टक्के भार येतो. म्हणजे डिप्लॉयमेंटनेच पोर्टल पडतं, आणि पडण्याचं खापर नव्या कोडवर फुटतं. प्रत्येकावर ६० टक्के असेल, तर तिघांवर ८० टक्के येतो आणि निभावतं. कुबरनेटीसमध्ये मूळ सेटिंग एका वेळी जास्तीत जास्त २५ टक्के घटक बंद ठेवण्याचं आणि २५ टक्के जादा उभे करण्याचं असतं. चार घटकांच्या सेवेत एक खाली, एक जादा. हे आकडे आपल्या भाराला झेपतात का, हे पाहूनच तसेच ठेवावेत. स्मृती काठोकाठ वापरलेल्या यंत्रावर जादा घटक उभाच राहत नाही आणि डिप्लॉयमेंट अर्ध्यावर अडकतं.

नोड बाहेर काढणं म्हणजे त्याचा गळा दाबणं नव्हे. आधी लोड बॅलन्सरला सांगावं की या नोडकडे नवी माणसं पाठवू नकोस. हाती असलेल्या विनंत्या पुऱ्या होऊ द्याव्यात. मगच प्रोसेस थांबवावी. एचएप्रॉक्सीमध्ये यासाठी ‘ड्रेन’ नावाची अवस्थाच आहे. कुबरनेटीसमध्ये एक बारीक खोच आहे, ती अनुभवी लोकांनाही चकवते. सेवेच्या यादीतून घटकाचं नाव काढणं आणि प्रोसेसला थांबण्याचा संदेश जाणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. संदेश आधी पोचला, तर प्रोसेस बंद पडलेली असते आणि विनंत्या अजून तिच्याकडेच येत असतात. म्हणून थांबण्याआधी काही सेकंद नुसतं वाट पाहणारा टप्पा लावावा. प्रोसेसला आवरायला मिळणारा मूळ वेळ ३० सेकंदांचा असतो. त्यानंतर ती सक्तीने मारली जाते. पोर्टलवर मोठी पीडीएफ चढवण्याची सोय असेल आणि वापरकर्ते मोबाइलच्या नेटवर असतील, तर ३० सेकंद पुरत नाहीत.

आत घेतानाही घाई नको. जावाची प्रोसेस सुरू झाली म्हणजे नोड तयार झाला असं नाही. कोड अजून तापलेला नसतो, कॅश रिकामा असतो, डेटाबेसच्या जोडण्या उघडायच्या असतात. अशा नोडवर एकदम पूर्ण भार टाकला की तो गुदमरतो आणि लोड बॅलन्सर त्याला आजारी समजून पुन्हा बाहेर काढतो. एचएप्रॉक्सीतली ‘स्लोस्टार्ट’ ही सोय भार हळूहळू वाढवते. ती नसेल, तर डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्टनेच आधी मुख्य पानं पाच-पन्नास वेळा मागवून नोड तापवून घ्यावा.

नोडची तब्येत तपासणारा पत्ता कसा लिहावा, यावर पथकांत नेहमी वाद होतात. तिथे नुसतं ‘ठीक’ असं छापलं, तर डेटाबेसशी तुटलेला नोडही धडधाकट दिसतो. उलट प्रत्येक तपासणीत डेटाबेस, शोधयंत्र, मेल सर्व्हर सगळं विचारलं, तर डेटाबेसला क्षणभर ठेच लागताच सगळेच नोड एकदम आजारी ठरतात आणि पोर्टल पूर्ण बंद पडतं. दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. प्रोसेस जिवंत आहे का, या प्रश्नात बाहेरची कुठलीही गोष्ट आणू नये, कारण त्याच्या ‘नाही’ या उत्तरावर रिस्टार्ट होतो. नोड काम घ्यायला तयार आहे का, या प्रश्नात फक्त त्या नोडपुरत्या गोष्टी विचाराव्यात : मॉड्यूल चढले का, सेटिंग वाचलं का, सुरुवातीला डेटाबेसशी जोडणी एकदा तरी झाली का. मेल सर्व्हर बंद असेल, तर त्याची सूचना निगराणीकडे जावी, लोड बॅलन्सरकडे नाही.

सेशन हा पोर्टलचा सर्वांत नाजूक भाग. एखाद्या बँकेच्या चार खिडक्यांपैकी पहिल्या खिडकीवर अर्धा फॉर्म भरून दिला आणि ती मध्येच बंद झाली, तर दुसऱ्या खिडकीवरच्या माणसाला त्या फॉर्मचा पत्ता नसतो. क्लस्टरमध्ये हेच होतं. सोपा उपाय म्हणजे प्रत्येकाला त्याच्या ठरलेल्या नोडकडेच पाठवणं. टॉमकॅटमध्ये सेशनच्या क्रमांकाला नोडचं नाव जोडलं जातं आणि लोड बॅलन्सर ते वाचून वाट दाखवतो. रोजच्या दिवशी हे छान चालतं. डिप्लॉयमेंटच्या दिवशी मात्र तो नोड बाहेर गेला की त्याच्यावरची सगळी माणसं लॉगिनच्या पानावर फेकली जातात. अर्ज भरताना सातव्या पानावर असलेल्या माणसासाठी हा मोठा जाच आहे.

दुसरा उपाय सेशनच्या प्रती ठेवण्याचा. टॉमकॅटमधलं एक साधन प्रत्येक सेशनची प्रत प्रत्येक नोडवर पाठवतं. ते लहान क्लस्टरसाठीच आहे, असं टॉमकॅटचं दस्तऐवज स्वतःच सांगतं, आणि ते खरं आहे. नोड वाढतात तसा आपापसांतला प्रवाह वाढतो आणि नेटवर्क त्यातच खर्ची पडतं. मोठ्या ताफ्यात प्रत फक्त एका जोडीदार नोडवर ठेवणारं साधन वापरावं, किंवा सेशन सरळ रेडिससारख्या वेगळ्या जागी ठेवावं. कुठलाही मार्ग घेतला तरी तीन गोष्टी सुटत नाहीत. सेशनमध्ये ठेवलेली प्रत्येक वस्तू सिरियलाइझ होणारी असली पाहिजे. टॉमकॅटच्या स्वतःच्या क्लस्टरसाठी अ‍ॅप्लिकेशनच्या वेब डॉट एक्सएमएल फाइलमध्ये ‘डिस्ट्रिब्युटेबल’ ही खूण हवी. आणि सगळ्या नोडची घड्याळं एनटीपीने जुळलेली हवीत, नाहीतर एका नोडला चालू वाटणारं सेशन दुसऱ्याला कालबाह्य वाटतं.

मधल्या काळाचा खरा सापळा मात्र याच्या पुढे आहे. जुन्या नोडने लिहिलेलं सेशन नवा नोड उघडतो. दरम्यान ‘अर्जदार’ या क्लासमध्ये एक नवं क्षेत्र आलेलं आहे. क्लासला आवृत्तीचा क्रमांक हाताने दिलेला नसेल, तर जावा तो क्लासच्या रचनेवरून काढते, रचना बदलली की क्रमांक बदलतो, आणि सेशन उघडताना चूक फेकली जाते. रेडिसमध्ये जावाच्याच पद्धतीने लिहिलेलं सेशनही असंच फुटतं. क्रमांक हाताने लिहावा आणि क्षेत्रं फक्त वाढवावीत. असलेलं क्षेत्र काढणं किंवा त्याचा प्रकार बदलणं टाळावं. याहून चांगलं म्हणजे सेशनमध्ये जड वस्तू ठेवूच नयेत. वापरकर्त्याचा क्रमांक आणि भाषा, एवढं पुरतं. अर्धवट अर्ज हा डेटाबेसमध्ये मसुदा म्हणून राहावा. मग नोड पडो, लाइट जावो, की अर्जदार दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेतून परत येवो, त्याचं काम तिथेच सापडतं.

टॉमकॅट वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे आणि ती फार कमी ठिकाणी वापरलेली दिसते. सातव्या आवृत्तीपासून एकाच टॉमकॅटवर एकाच पत्त्याच्या दोन आवृत्त्या शेजारी चालवता येतात. वॉर फाइलच्या नावात दोन हॅश चिन्हं आणि पुढे आवृत्तीचा क्रमांक दिला की झालं. जुनी सेशन जुन्या आवृत्तीवर राहतात, नवी माणसं नव्या आवृत्तीकडे जातात, आणि जुन्यातली सेशन संपली की ती आवृत्ती आपोआप उतरवण्याचं सेटिंगही आहे. क्रमांकाची तुलना अक्षरांसारखी होते, म्हणून तो ००१, ००२ असा शून्यं देऊन लिहावा. नाहीतर ११ ही आवृत्ती २ पेक्षा जुनी ठरते.

डेटाबेस सगळ्यांचा एकच असतो, म्हणून मधल्या काळाची खरी परीक्षा तिथे होते. नियम एका वाक्यात सांगता येतो : डेटाबेसमधला बदल नेहमी असा असावा की जुना आणि नवा दोन्ही कोड त्यावर चालतील. समजा, नागरिकाचं नाव एका रकान्यात आहे आणि आता पहिलं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव असे तीन रकाने करायचे आहेत. एका रात्री जुना रकाना काढून तीन नवे घातले, तर पहिला नोड बदलताच उरलेले तीन नोड चुका फेकू लागतात. रोलबॅक करायचा म्हटलं तर जुना रकाना गेलेला. त्याऐवजी आधी तीन रिकामे रकाने घालावेत. जुन्या कोडला त्यांचा पत्ताही लागत नाही. मग असा कोड चढवावा जो दोन्हीकडे लिहितो आणि वाचतो मात्र जुन्यातून. मग जुन्या नोंदी दोन-चार हजारांच्या तुकड्यांनी नव्या रकान्यांत भराव्यात. मराठी नावांचं तीन भागांत विभाजन यंत्राला नेहमी जमत नाही, म्हणून शंकेच्या नोंदी वेगळ्या काढून माणसाकडून तपासाव्यात. त्यानंतरचा कोड नव्या रकान्यांतून वाचेल. जुना रकाना काही आठवड्यांनी, तो कुणीच वाचत नाही हे लॉगमध्ये पाहून मगच काढावा. एका बदलासाठी तीन-चार डिप्लॉयमेंट करावी लागतात, हे खरं. पण प्रत्येक पायरीवरून एक पायरी मागे येता येतं.

डेटाबेसची आवृत्तीही माहीत असावी. पोस्टग्रेसमध्ये अकराव्या आवृत्तीपूर्वी मूळ किमतीसह नवा रकाना घातला की सगळा टेबल नव्याने लिहिला जाई आणि तोवर त्याला कुलूप लागे. २०१८ मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीपासून स्थिर किमतीसाठी हे लागत नाही. पण क्षणात होणारा बदलसुद्धा एखादी लांबलचक क्वेरी चालू असेल, तर तिच्या मागे थांबतो आणि त्याच्या मागे साऱ्या पोर्टलच्या क्वेरी रांग लावतात. बदल करणाऱ्या जोडणीला कुलपाची मुदत काही सेकंदांची द्यावी. जमलं नाही तर माघार घेऊन पुन्हा प्रयत्न करावा. हे बदल प्रत्येक नोडच्या सुरुवातीला आपोआप चालवण्याची पद्धत अनेक ठिकाणी असते. लिक्विबेससारखी साधनं त्यासाठी स्वतःचं कुलूप वापरतात, पण नोड अर्ध्यात मारला गेला, तर ते कुलूप तसंच राहतं आणि पुढचे सगळे नोड त्याच्यापुढे ताटकळतात. डेटाबेसची पायरी वेगळी, एकदाच आणि डिप्लॉयमेंटच्या आधी चालवावी.

स्टाइलशीट आणि स्क्रिप्टच्या फाइलींचा घोळ छोटा असतो, पण तो पहिल्याच तासात तक्रारी आणतो. नव्या नोडने दिलेलं पान नवी फाइल मागतं, विनंती जुन्या नोडकडे जाते आणि तिथे ती नसते. नावात हॅश असलेल्या फाइली आधी सामायिक जागेत ठेवाव्यात, मग कोड चढवावा, आणि जुन्या फाइली काही दिवस तिथेच राहू द्याव्यात.

कॅश, शोध आणि वेळापत्रकावरची कामं ही क्लस्टरची तीन विसरलेली टोकं. लाइफरेमध्ये ‘क्लस्टर लिंक’ चालू नसेल, तर एका नोडवर बदललेली सूचना दुसऱ्यावर जुनीच दिसत राहते. मूळ व्यवस्थेत नोड एकमेकांना मल्टिकास्टने शोधतात. मोठ्या क्लाउडच्या नेटवर्कमध्ये मल्टिकास्ट सहसा मिळत नाही, म्हणून तिथे ही व्यवस्था टीसीपीवर आणावी लागते. कार्यालयातल्या चाचणी सर्व्हरवर व्यवस्थित चाललेलं पोर्टल क्लाउडवर नेल्यावर गोंधळतं, त्याचं हे नेहमीचं कारण. कागदपत्रांचा साठा आणि शोधाची अनुक्रमणिकाही सर्व नोडना सामायिक लागते. वेळापत्रकावरची कामं चार नोडवर चार वेळा चालली, तर नागरिकाला एकच स्मरणपत्र चार वेळा जातं. त्यासाठी क्वार्ट्झसारख्या साधनात कुलूप डेटाबेसमध्ये ठेवण्याची सोय आहे. डिप्लॉयमेंटपुरतं अशी कामं थांबवून ठेवणं अधिक बरं, कारण जुना कोड आणि नवा कोड तेच काम वेगवेगळ्या रीतीने करत असू शकतात.

आतापर्यंत कोडविषयी बोललो. सेटिंगच्या बाबतीत माणसं सैल असतात आणि मोठे अपघात तिथेच होतात. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरने आपल्या संरक्षक भिंतीत एक नियम घातला. त्यातल्या एका रेग्युलर एक्स्प्रेशनने जगभरच्या सर्व्हरचा प्रोसेसर व्यापून टाकला आणि सुमारे २७ मिनिटं असंख्य साइट बंद पडल्या. त्यांचं सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्यानेच जात असे. नियम मात्र तातडीचे म्हणून सगळीकडे एकदम जात. १९ जुलै २०२४ चा क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचा प्रसंग तर सगळ्यांच्या लक्षात असेल. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले तो दिवस. तिथेही मूळ सॉफ्टवेअर बदललं नव्हतं, एक माहितीची फाइल सगळीकडे एकदम गेली होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं कोलमडली. पोर्टलसाठी यातून निघणारी कृती सरळ आहे. सेटिंग, फ्लॅग, फायरवॉलचा नियम, प्रमाणपत्र, लोड बॅलन्सरची फाइल, या सगळ्यांना कोडइतकीच शिस्त लावावी : गिटमध्ये नोंद, दुसऱ्याची तपासणी, आधी एका नोडवर.

त्या पहिल्या नोडवर नवी आवृत्ती किती वेळ एकटी ठेवावी? घड्याळापेक्षा कामावरून ठरवावं. लॉगिन, शोध, अर्ज, पैसे भरणं, पावती हे सारे मार्ग खऱ्या वापरकर्त्यांनी त्या नोडवर काही शे वेळा तरी वापरलेले असावेत. पाहताना कालच्या आकड्यांशी तुलना करू नये. त्याच क्षणी जुन्या नोडवर काय चाललंय त्याच्याशी करावी. सकाळी अकराला सगळंच मंदावलेलं असेल, तर त्यात नव्या कोडचा दोष नाही. नव्या नोडवर चुका जुन्यापेक्षा जास्त दिसल्या, तर मात्र चर्चा न करता तो बाहेर काढावा. लॉगच्या प्रत्येक ओळीत नोडचं नाव आणि आवृत्ती असल्याशिवाय ही तुलना होत नाही. गूगलच्या साइट रिलायबिलिटीवरच्या २०१६ च्या पुस्तकात म्हटलं आहे की, त्यांच्याकडे सेवा बंद पडण्याच्या घटनांपैकी सुमारे ७० टक्के चालू यंत्रणेत केलेल्या बदलांमुळे घडतात. म्हणजे काही बिघडलं की पहिला प्रश्न ‘आज काय बदललं?’ हाच असावा, आणि त्याचं उत्तर देणारी नोंदवही सगळ्यांना दिसणारी असावी.

रोलबॅकबद्दल एक आग्रह. मागे येणं म्हणजे सगळ्या नोडवर, फ्लॅगसकट, एका ज्ञात आणि तपासलेल्या अवस्थेला येणं. नुसतं ‘नवीन काढून टाका’ ही सूचना पुरेशी नाही. त्याने ताफा कुठल्या अवस्थेत जातो, हे आधी लिहून ठेवलेलं असावं. चाचणीच्या क्लस्टरवर पुढे जाण्याइतकाच मागे येण्याचाही सराव करावा, आणि निम्मे नोड नवे असताना मुद्दाम मागे यावं. रात्री अडीचला काम करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला वरिष्ठांना फोन न करता मागे येण्याचा अधिकार असावा. परवानगीची वाट पाहण्यात जी वीस मिनिटं जातात, त्यात नुकसान वाढत राहतं.

डिप्लॉयमेंट कधी करायचं हे पोर्टल कशासाठी आहे त्यावर ठरतं. रेल्वेच्या तिकीट पोर्टलवर तत्काळची वातानुकूलित तिकिटं सकाळी दहाला आणि बाकीची अकराला उघडतात. ती वेळ आणि कोकणात गणपतीला जाणाऱ्यांचं आरक्षण उघडतं तो दिवस, हे हात न लावण्याचे क्षण. याच पोर्टलची यंत्रणा २०१४ च्या एप्रिलमध्ये बदलली, तेव्हा क्षमता मिनिटाला २,००० तिकिटांवरून ७,२०० वर गेली. तिथे प्रत्येक विनंती जागा अडवते, पैसे घेते, म्हणून सेशन आणि डेटाबेस दोन्ही पणाला लागतात. दहावीच्या निकालाचा दिवस याच्या अगदी उलट. महाराष्ट्रात पंधरा लाखांच्या आसपास मुलं आणि त्यांचे नातेवाईक दुपारी एकाच वेळी येतात, पण प्रत्येकाला एकदाच एक पान वाचायचं असतं. तिथे सेशन लागत नाही, त्या क्षणी डेटाबेसही लागू नये. निकाल आधीच तयार पानांच्या रूपात काढून ठेवले, तर साधे वेब सर्व्हर तो भार झेलतात. भार एकसारखा दिसला म्हणून क्लस्टर एकसारखा बांधू नये.

नोडची संख्या ठरवताना एक गोष्ट. एकमत लागणारे घटक, म्हणजे डेटाबेसचा क्लस्टर किंवा ईटीसीडी, विषम संख्येत ठेवावेत. तीन सदस्य एकाचं पडणं सोसतात आणि चारही एकाचंच. पाच असतील तर दोघांचं. चौथ्याने खर्च वाढतो, सुरक्षितता नाही. डेटाबेसचा ताळमेळ सुटला की काय होतं, याचं एक उदाहरण : ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहबचं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं नेटवर्क केंद्र आणि तिथलंच मुख्य डेटा सेंटर यांच्यातला संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. त्यामुळे पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या नोंदी झाल्या आणि सगळं जुळवून पूर्ववत व्हायला २४ तासांहून अधिक लागले.

हे सगळं वाचून दोन सर्व्हरवर पोर्टल चालवणाऱ्या नगरपालिकेच्या, महाविद्यालयाच्या किंवा सहकारी बँकेच्या संगणक विभागाला वाटेल, हे मोठ्यांचं काम. तसं नाही. दोन नोड असले तरी मधला काळ असतोच आणि तो सांभाळण्यासाठी नवं काही विकत घ्यावं लागत नाही. पहिल्या महिन्यात आवृत्ती सांगणारा पत्ता लिहावा आणि हाताने कॉपी करणं बंद करून स्क्रिप्ट करावी. दुसऱ्या महिन्यात लोड बॅलन्सरवर ड्रेन लावावा आणि भर दुपारी, सगळे हजर असताना, काहीही न बदलता नोड एकेक करून आतबाहेर करून पाहावेत. वापरकर्त्याला काही जाणवलं का, हे मदतकक्षातल्या माणसाला विचारावं. जाणवलं असेल तर सेशनचं काम आधी हाती घ्यावं. त्यानंतर डेटाबेसचे बदल पायऱ्यांनी करण्याची सवय, मग एका नोडवर थांबून पाहण्याची. वापरात नसलेले पोर्टलेट आणि जुने फ्लॅग काढण्यासाठी दर तिमाहीत एक दिवस राखून ठेवावा, आणि तो दिवस वार्षिक कामाच्या आराखड्यात लिहून मंजूर करून घ्यावा.